पाना आपला, परवाना कोणाचा?

मागच्या वेळी सोसायटीच्या टाक्यांबद्दल लिहिताना मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की नवीन नळजोडणीचं काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. झालं. रहिवाशांची पत्रं आली दोन आणि प्लंबरांची आली ढीगभर. सगळ्यांचा सूर एकच, 'सर, लिहायला तुमचं काय जातंय, तो परवाना मिळतो कसा तेही लिहा ना.' बरोबर आहे त्यांचं. मी स्वतः आधी पाच वर्षं परळच्या एका मिस्त्रीकडे हेल्पर होतो, पाईप उचलले, भिंती फोडल्या, शिव्या खाल्ल्या, मग आयटीआय केलं आणि पुढे तिथेच शिकवायला लागलो, त्यामुळे या भांडणात दोन्ही बाजूंची माणसं मला आपलीच वाटतात. तर यावेळी सगळी जागा या पत्रांना. थोडी कापलीयत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न: सर नमस्कार, मी भांडुपला राहतो, वय ४१, शाळा सातवीपर्यंत. काकांच्या हाताखाली लालबागच्या चाळींमध्ये काम शिकलो, आज बावीस वर्षं झाली या लाईनमध्ये. जीआयचे लोखंडी पाईप, सीपीव्हीसीचे प्लास्टिकचे पाईप, ड्रेनेज, पंप सगळं करतो, आख्ख्या बिल्डिंगची लाईन टाकलीय. पण महापालिकेच्या कनेक्शनचं काम आलं की कागदावर दुसऱ्याचं नाव. तो माणूस एकदा येतो, सही करतो, पैसे घेतो आणि जातो, पाईपला हातपण लावत नाही. मला माझ्या नावाने परवाना पाहिजे. वर्षभर धंदा सोडून आयटीआयला बसलो तर घर कोण चालवणार? दुसरा रस्ता आहे का?

उत्तर: भाऊ, तुमच्यासारखी पत्रं बारा-पंधरा तरी आहेत, म्हणून तुम्हालाच सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर बघावं.

आधी एक गोंधळ सोडवू. काम येणं, सर्टिफिकेट असणं आणि परवाना असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नाक्यावर तिन्हीची भेळ होते. घरातला नळ बदलायला किंवा फ्लशच्या टाकीतला बॉल कॉक बसवायला तुम्हाला कोणी परवाना विचारत नाही. पण महापालिकेच्या लाईनवरून नवीन जोडणी घ्यायची तर अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत जातो. आणि ही कालची भानगड नाही, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातच सर्व्हेअरांबरोबर प्लंबरांच्याही परवान्याची तरतूद आहे. कारण साधं आहे, रस्त्याखालची लाईन सगळ्यांची असते. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, ठरल्या वेळी येतं आणि जातं, आणि लाईन रिकामी होताना गळक्या सांध्यातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं, मग एका घराच्या फेरूलच्या, म्हणजे मोठ्या लाईनला जोडायच्या तुकड्याच्या, चुकीने पूर्ण गल्लीला जुलाब आणि कावीळ. म्हणजे परवाना हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. भांडण आहे ते परवान्यापर्यंत जायचे दरवाजे किती, यावर.

आयटीआयचा दरवाजा तुम्हाला माहितीय. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास लागते, वय किमान १४ आणि वरच्या वयाला मर्यादा नाही. हे शेवटचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, चाळिशीचा माणूस फॉर्म भरायला गेला की रांगेतली पोरं हसतात म्हणून तो परत येतो. पण तुमची अडचण वयाची नाही, दिवसभराच्या हजेरीची आहे, आणि सातवीची. सातवीचं बघा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा घरी अभ्यास करून देता येते, आणि पुढे दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आहेच. हे आधी उरका, काय करायचं ते नंतर ठरवा, कारण पुढचा प्रत्येक दरवाजा कधी ना कधी शाळेचा कागद मागणार.

आता धंदा न सोडता जायचे रस्ते. एक म्हणजे आरपीएल, म्हणजे तुम्ही आधीच जे शिकलात त्याची मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ ला आली, त्यातलाच हा भाग. यात तुम्हाला पाना कसा धरायचा ते पहिल्यापासून शिकवत बसत नाहीत, थोड्या दिवसांची ओळख करून देतात, सुरक्षेचं सांगतात, आणि मग बाहेरचा असेसर येऊन तुमच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतो, तोंडी विचारतो आणि पास झालात तर सर्टिफिकेट मिळतं. प्लंबिंगच्या कामाचे निकष ठरवणारी एक वेगळी कौन्सिलच आहे, पूर्वी तिचं नाव इंडियन प्लंबिंग स्किल्स कौन्सिल होतं, आता त्यात वॉटर मॅनेजमेंटपण आलंय. दुसरा रस्ता, अनुभवाचा दाखला घेऊन खासगी उमेदवार म्हणून ऑल इंडिया ट्रेड टेस्टला बसायचं. आयटीआयची पोरं जी परीक्षा देतात तीच परीक्षा, फक्त तुम्ही वर्गात बसलेले नसता. हा रस्ता अवघड आहे, लेखी पेपर असतो, वर्कशॉपचं गणित असतं, ड्रॉइंग असतं, पण पास झालात तर तुमच्या कागदाचं वजन वेगळं.

आणि दोन्हीकडे तुमच्यासारख्यांचं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. बावीस वर्षं काम केलं पण त्याचा कागद कुठाय? नाक्यावरून कामाला नेणारा कधी पावती देत नाही. म्हणून माझं ऐका, आजपासून एक वही घाला. तारीख, पत्ता, काय काम केलं, किती दिवस. ज्या ज्या सोसायटीत काम केलंय तिथल्या सेक्रेटरीकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या, चहा पाजा पण घ्या. मोबाईलवर आलेले पैसे दिसतात, ते स्टेटमेंट काढून ठेवा. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवा, प्लंबर त्यात बसतो, वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो दाखलाही पुढे उपयोगी पडतो आणि पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते ती वेगळी.

एक मात्र पक्कं डोक्यात ठेवा, आरपीएलचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे परवाना झाला असं नाही. परवाना देणार महापालिका, अटी तिच्या, आणि त्या बदलत असतात. म्हणून कुठल्याही क्लासला पैसे भरायच्या आधी जल अभियंता खात्यात जाऊन आत्ताच्या पात्रतेचं परिपत्रक मागा, त्यात जे लिहिलंय ते स्वतः वाचा किंवा पोरीकडून वाचून घ्या, आणि त्यात बसणारंच सर्टिफिकेट काढा. उलटं केलेले बरेच बघितलेत मी, आधी सर्टिफिकेट आणि मग रडारड.

आता थोडं मनातलं. काही वर्षांपूर्वी मला अशाच एका तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसवलं होतं, कुठे ते सोडा. समोर एक माणूस आला, पन्नाशीचा असेल, नखांत सॉल्व्हंट सिमेंट सुकलेलं. माझ्या शेजारच्या परीक्षकाने विचारलं, ट्रॅप सील म्हणजे काय? माणूस गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प, कपाळावर घाम. त्यांनी शून्य लिहायला पेन उचललं. मी म्हटलं थांबा जरा, आणि त्यालाच विचारलं, काका, कोणी बोलावलं आणि म्हणालं बाथरूममध्ये वास येतोय, तर तुम्ही गेल्या गेल्या काय कराल? माणूस लगेच सरळ बसला. म्हणाला, आधी जाळी काढून एक तांब्या पाणी ओतणार आणि दहा मिनिटं थांबणार, वास गेला तर घर बंद होतं, ट्रॅप सुकलाय, पैसे घेणार नाही. पाणी ओतून पण वास आला तर वरच्या मजल्यावरच्याला फ्लश मारायला सांगणार आणि इथे कान लावणार, गुडगुड झालं तर वरून पाणी ओढून नेतंय, गच्चीवर जाऊन वेंटचं, म्हणजे हवेच्या पाईपचं, तोंड बघणार, कोणीतरी बंद केलेलं असतं. गुडगुड नाही, तर मग सांधा फुटलाय, आता फोडावं लागेल, आता पैशाचं बोला.

आता सांगा, याला ट्रॅप सील येत नाही? जाळीखालच्या वाकड्या तुकड्यात, म्हणजे ट्रॅपमध्ये, साचून गटाराची हवा अडवणारी, पुस्तकात लिहिलेली ५० मिलिमीटरची पाण्याची सील, ती कशाने जाते, सुकून, ओढून, हे सगळं त्याने सांगितलं, फक्त इंग्रजी नाव सोडून. त्या दिवशी तो पास झाला, पण मी तिथे होतो म्हणून झाला, आणि हेच मला सलतं. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस कुठे शिकला हे विचारू नका, त्याला काय येतं ते विचारा, आणि त्याच्या भाषेत विचारा. परीक्षा मराठीत घ्या, हिंदीत घ्या, पाईप हातात देऊन घ्या. मग ती कितीही कडक घ्या, माझी ना नाही.

प्रश्न: मी घाटकोपरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तुम्ही प्लंबरांची बाजू घेणार हे माहिती आहे, तरी विचारतो. हे असे शॉर्टकट रस्ते काढून सगळ्यांना परवाने वाटले तर दर्जाचं काय? आमच्याकडे गेल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि दोन फ्लॅटचं बाथरूमचं काम झालं, तेव्हापासून तळमजल्यावर वास आणि मोरीतून आवाज. तीन प्लंबर बदलले. कोणालाच कळत नाही.

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, वरचं उत्तर वाचलंत तर तुमच्या तळमजल्याचं निदान त्यात आहे. गच्चीवर जा आणि बघा, वॉटरप्रूफिंगवाल्याने वेंटचा पाईप कापून त्यावर कोबा ओतलाय का किंवा तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून ती काढायची विसरलाय का. वरून फ्लशचं पाणी खाली येताना पाईपमध्ये हवा लागते, ती वेंटमधून मिळाली नाही तर खालच्या ट्रॅपमधून ओढली जाते, ट्रॅपमधलं पाणी त्याबरोबर जातं आणि मग गटाराची हवा सरळ तुमच्या रहिवाशांच्या घरात. तो आवाज म्हणजे तुमचा ट्रॅप श्वास घेतोय. दीड फुटाचा पाईप आणि वर जाळीची टोपी, काम एवढंच.

आता दर्जाबद्दल. तुम्ही शॉर्टकट म्हणता, पण तुमच्या त्या कामाच्या कागदांवर सही कोणाची होती ते फाईल काढून बघाल का? पैज लावत नाही, पण माझा अनुभव असा की अशा बऱ्याच ठिकाणी सही परवानाधारकाची असते आणि काम करणारा तिसराच असतो. दरवाजा अरुंद ठेवला की दर्जा राहतो हे कागदावर खरं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, काम तर शहरात रोज हजार ठिकाणी निघतं, परवानेवाले थोडे, मग परवाना भाड्याने फिरतो. म्हणजे ज्याची परीक्षा झाली तो काम करत नाही आणि जो काम करतो त्याची परीक्षाच झालेली नाही. याला तुम्ही दर्जा म्हणणार? भांडुपच्या त्या भाऊंना त्यांच्या नावाने परवाना दिला तर निदान चुकलं तर कोणाच्या दारात जायचं ते तरी कळेल.

पण तुमच्या शंकेतलं अर्धं मला मान्य आहे, आणि प्लंबर मंडळींनी हे वाचावं. हात चांगला असला तरी काही गोष्टी नुसत्या हाताने कळत नाहीत. माझ्या हातात असतं तर परवान्याच्या परीक्षेत मी चार गोष्टी विचारल्याच असत्या. ढाळ, कारण शंभर मिलिमीटरच्या ड्रेनेज पाईपला ढाळ कमी दिला तर मैला बसतो हे सगळ्यांना माहितीय, पण फारच जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घट्ट माल मागे राहतो हे निम्म्यांना माहीत नसतं. प्रेशर, म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलो प्रेशर देतं, तर गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्यावर शॉवर बारीक का आणि पहिल्या मजल्यावर नळ का थरथरतो याचा हिशोब. मग टाकीत पाणी पडणारं तोंड ओव्हरफ्लोच्या वर असलंच पाहिजे, नाहीतर लाईन रिकामी झाल्यावर टाकीतलं पाणी उलटं लाईनमध्ये. आणि चौथं, म्युनिसिपल लाईनला थेट पंप लावायला कोणी सांगितलं तर नाही म्हणणं. हे शेवटचं परीक्षेत तपासता येत नाही म्हणा, त्याला जिगर लागते, समोर तुमच्यासारखा सेक्रेटरी उभा असतो ना. रागावू नका.

हे चारही धडे रविवारच्या वर्गात शिकवता येतात. त्यासाठी बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला पुन्हा वर्षभर पाईप कापायला बसवायची गरज नाही.

प्रश्न: सर मी कांजूरमार्गची, वय २६, दहावीला गणितात राहिले. दोन वर्षं घरकाम करते. एका ताईंकडे किचनचा सिंक तुंबला होता, प्लंबर तीन दिवस आला नाही, मी स्वतः खालची वाटी उघडून साफ केला. ताई म्हणाल्या तू हेच का शिकत नाहीस. मुलींना घेतात का? आणि फी किती पडते? घरी हसतायत.

उत्तर: ताई, ती खालची वाटी म्हणतेस ना, त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात, आणि ती उघडायच्या आधी खाली बादली ठेवायची हे तुला पहिल्याच वेळी कळलं की आधी अंगावर घेतलंस? कसंही असो, सुरुवात झालीय.

घेतात. आयटीआयला आठवी पास लागते, तू दहावीपर्यंत गेलीस म्हणजे बसतेस. मुंबईत कुठल्या आयटीआयमध्ये प्लंबर ट्रेड आहे ते प्रवेशाच्या पोर्टलवर ट्रेड टाकून शोध, दादरला फक्त मुलींचं पण आयटीआय आहे, मुलुंड आणि कुर्ला तुला रेल्वेने सोपं पडेल. पण सकाळची कामं सोडता येत नसतील तर जन शिक्षण संस्थान बघ. हे नाव लोक विसरलेत, पण ही आपल्या मुंबईचीच गोष्ट आहे. गिरणी कामगारांसाठी देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ ला इथेच वरळीला सुरू झालं, कल्पना अशी की कामगाराला शाळेत ओढत न्यायचं नाही, त्याच्या वस्तीत आणि त्याच्या वेळेला शिकवायचं. पुढे देशभर झाली, मग नाव बदलून जन शिक्षण संस्थान झालं. ज्यांची शाळा सुटलीय त्यांच्यासाठीच ते आहे, १५ ते ४५ वय, आणि महिलांना फी नाही. तिथे प्लंबिंगची बॅच कधी निघते ते जाऊन विचार, नसेल तर पंधरावीस जणींची नावं घेऊन जा, बॅच निघते. आज आपण पर्यायी रस्ते पर्यायी रस्ते म्हणून जे नवीन असल्यासारखं बोलतो ते या शहराने साठ वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

काम मिळेल का म्हणशील तर दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईला दार उघडायला तू आवडशील की अनोळखी बाप्या, हे तूच विचार कर. झारखंडमध्ये शौचालयं बांधणाऱ्या बायकांना राणी मिस्त्री म्हणायला लागले, आधी त्यांच्याही घरी हसलेच असणार. वजनाचं म्हणशील तर जुन्या जीआयच्या पाईपांचे दिवस गेले, घरातलं बहुतेक काम आता सीपीव्हीसीचं, ते हलकं असतं. आणि गणिताचा पेपर पुन्हा दे, खरंच दे. ढाळ काढायला गुणोत्तर लागतं.

प्रश्न: पीएम विश्वकर्मामध्ये प्लंबरला टूलकिटचे पैसे आणि सर्टिफिकेट मिळतं म्हणून एकाने फॉर्म भरायचे तीन हजार मागितले. देऊ का? — धारावी

उत्तर: नाही. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ धंदे आहेत, सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चांभार, शिंपी, न्हावी, कुलूपवाले असे. प्लंबर त्यात नाही. नाव गवंडी लावून भरतो असं तो माणूस आता म्हणेल, तर तसंही करू नका, तपासणी होते. आणि ज्यांचा धंदा यादीत आहे त्यांनाही नोंदणीची फी नसते.

प्रश्न: माझा भाचा टेक्सासला असतो, तो म्हणतो तिकडे प्लंबरला परवाना काढायला इंजिनियरइतकी वर्षं जातात आणि तो कमावतो पण तेवढंच. आपल्याकडे तसं कडक का करत नाहीत? — दहिसर

उत्तर: भाच्याचं थोडं वाढवून असेल पण अगदी खोटं नाही. टेक्सासची पद्धत मला आवडते ती कडक आहे म्हणून नाही, पायऱ्यांची आहे म्हणून. तिकडे पोरगा आधी अप्रेंटिस म्हणून नाव नोंदवतो. ४,००० तास काम झालं की ट्रेड्समनच्या परीक्षेला बसता येतं आणि तो परवाना मर्यादित असतो, एका-दोन कुटुंबांच्या घरांपुरता. ८,००० तास झाले की जर्नीमनची, म्हणजे पक्क्या कारागिराची, परीक्षा. वर्षाचे दोन हजार तास धरले तर चार वर्षं. त्याच्याही वर मास्टर. म्हणजे त्यांनी तास मोजले, आणि मिळवताना तो माणूस पगार खात असतो, घरी बसून फी भरत नसतो.

आपण घेण्यासारखं यातलं मला ते मधलं पाऊल वाटतं. आज आपल्याकडे एक तर पूर्ण परवाना नाहीतर काहीच नाही. मध्ये एक छोटा परवाना का नको? फ्लॅटच्या आतलं काम, मीटरच्या पुढचं, टाकीपासून नळापर्यंतचं, एवढ्यापुरता. तो आरपीएल आणि एका सोप्या परीक्षेवर द्या, मग तीन वर्षं नोंदलेलं काम दाखवा आणि मोठी परीक्षा द्या, मग रस्त्याची लाईन. भांडुपच्या भाऊंना उद्या सकाळी पहिली पायरी चढता येईल आणि घाटकोपरच्या साहेबांना फाईलमध्ये खऱ्या माणसाचं नाव दिसेल. हे माझं मत आहे, असा नियम आलाय असं कोणी छापू नका, नाहीतर पुढच्या वेळी आणखी ढीगभर पत्रं.

प्रश्न: माझ्याकडे सहा पोरं आहेत, कांदिवली-मालाडला सोसायट्यांची कामं घेतो. पोरं शिकतात आणि निघून जातात, त्यांच्याकडे पण कागद नाही. मी छोटा कंत्राटदार, मला अप्रेंटिस ठेवता येतो का की ते फक्त मोठ्या कंपन्यांना?

उत्तर: येतो. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, पण २०१९ च्या नियमबदलानंतर ३० किंवा जास्त माणसं असतील तिथे अप्रेंटिस घेणं सक्तीचं आणि ४ ते २९ माणसं असतील तिथे ऐच्छिक. तुमची सहा पोरं म्हणजे तुम्ही बसता. पोर्टलवर नोंदणी करा, करार करा, स्टायपेंड बँकेतून द्या. प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा केंद्र उचलतं, महिन्याला १,५०० पर्यंत. पोरगा शेवटी परीक्षा देतो आणि त्याला सर्टिफिकेट मिळतं. कागदपत्रांचा त्रास आहे, जीएसटीवाल्या तुमच्या अकाउंटंटला पाचशे रुपये जास्त द्या आणि त्याच्याकडून करून घ्या.

निघून जातात म्हणता, तर जाणारच हो. तुम्ही कोणाकडे शिकलात आणि आता कुठे आहात? फक्त एक काळजी घ्या, चेंबर तुंबला म्हणून पोराला आत उतरवू नका, कितीही वेळा आधी उतरलेला असला तरी. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि आतला गॅस दोन श्वासांत माणूस पाडतो. मशीन मागवा.

प्रश्न: सर परवान्याचं राहू द्या, थ्रेडला ताग-सफेदा की टेफ्लॉन? आमच्या नाक्यावर यावरून रोज वाजतं. — विक्रोळी

उत्तर: बरं झालं विचारलंत, आट्यांचा सांधा गळू नये म्हणून त्यावर काय गुंडाळायचं हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. जीआयचा मोठा थ्रेड असेल तर ताग आणि सफेदा, जुन्या मिस्त्रींचं बरोबर आहे, वर्षानुवर्षं टिकतो. अर्धा-पाऊण इंची नळ, स्टॉप कॉक, तिथे टेफ्लॉन, थ्रेडचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचं, उलटं गुंडाळलं तर आवळताना सगळं सुटून बाहेर येतं. सीपीव्हीसीच्या थ्रेडला मात्र सफेदा चुकूनही नको, तेलातल्या मालाने ते प्लास्टिक हळूहळू तडकतं, आणि तडकतं ते बरोबर टाइल्स लावून झाल्यावर. तिथे फक्त टेफ्लॉन, हाताने बसेल तेवढं बसवा, मग पान्याने एक फेरा, फार तर दीड. त्याच्यावर जोर लावणारा हात मला परीक्षेत दिसला की मी पुढचा प्रश्नच विचारत नसे.